‘८ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे नक्की कुठली ८ जीबी?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून ‘गेमिंग लॅपटॉप घेताना’ अशा टाइपचं एक पान असतं आणि त्यात एक मोठा तक्ता असतो. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, एसएसडी किती, स्क्रीन किती इंचाची आणि किती हर्ट्झची, वजन, अगदी कीबोर्डला लाइट आहे का ते पण. आणि ग्राफिक्सच्या रकान्यात काय, तर ‘६ जीबी’, ‘८ जीबी’, म्हणजे ग्राफिक्स चिपची मेमरी किती एवढंच. बास. अहो गेमिंग लॅपटॉपमधली सगळ्यात महागडी वस्तू तीच, जी नंतर बदलता येत नाही ती पण तीच, आणि तिच्याबद्दलच एक आकडा देऊन मोकळं व्हायचं हे काही पटत नाही म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापायचं असेल तर कापा, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

हा नुसता आकडा किती फसवा असतो ते आधी सांगतो. माझ्या भाच्याने मध्ये एक फोटो पाठवला, खाली मेसेज, ‘मामा, १२ जीबी ग्राफिक्सवाला मिळतोय, घेऊन टाकू का?’ विकणाऱ्याने एनव्हिडिया या ग्राफिक्स चिपच्या कंपनीच्या कंट्रोल पॅनलमधली सिस्टिम इन्फर्मेशनची खिडकी उघडून स्क्रीनचा फोटो काढला होता आणि ‘टोटल अव्हेलेबल ग्राफिक्स मेमरी’ लिहिलेलं असतं तिथे, माउसचा बाण नेऊन ठेवलेला, आकडा बारा हजार काहीतरी एमबी. नशीब फोटोत खालच्या ओळी पण आल्या होत्या. त्यात ‘डेडिकेटेड व्हिडिओ मेमरी’ ४०९६ एमबी जीडीडीआर६ (हा ग्राफिक्सच्या मेमरीचा प्रकार), आणि त्याच्याखाली ‘शेअर्ड सिस्टिम मेमरी’ आठ हजार आणि काही. म्हणजे ग्राफिक्सची स्वतःची मेमरी फक्त ४ जीबी. बाकीची ८ जीबी ही लॅपटॉपच्या साध्या १६ जीबी रॅमची निम्मी, जी विंडोज सरसकट सगळ्याच मशीनवर ‘गरज पडलीच तर वापरा’ म्हणून दाखवतं. ती राखून ठेवलेली नसते, आणि ती वापरायची वेळ येऊच नये अशी आपली इच्छा असते.

का येऊ नये, तर स्पीड. ग्राफिक्स चिपच्या शेजारी सोल्डर केलेली जीडीडीआर६ मेमरी, समजा १२८ बिटची बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता, बिट म्हणजे त्याची रुंदी) आहे आणि एका पिनमागे, म्हणजे एका तारेमागे, सेकंदाला १२ गिगाबिट जातायत, तर १२८ गुणिले १२ भागिले ८ (आठ बिटचा एक बाइट), झाले १९२ जीबी प्रति सेकंद. आता तीच चिप जेव्हा लॅपटॉपच्या रॅममधून काही आणायला जाते तेव्हा तिला पीसीआय एक्स्प्रेसच्या (ग्राफिक्स चिप बाकीच्या लॅपटॉपला जोडणाऱ्या) रस्त्यानेच जावं लागतं, आणि या वर्गातल्या बऱ्याच चिपना त्याच्या चौथ्या पिढीच्या, जेन ४ च्या, आठ लेन मिळतात, म्हणजे एका दिशेला साधारण १६ जीबी प्रति सेकंद. एकशे ब्याण्णव आणि सोळा. बारा पट फरक. म्हणून मेमरी भरली की गेम नुसता थोडा स्लो होत नाही, तो अडखळतो, चांगला साठ एफपीएसवर (सेकंदाला साठ चित्रं) चाललेला असतो आणि कॅमेरा वळवला की अर्धा सेकंद फ्रीज, किंवा समोरची भिंत आधी चिखलासारखी दिसते आणि मग तिच्यावर विटा उमटतात. ॲव्हरेज एफपीएस बघितला तर बरा असतो हो, त्यामुळे ॲव्हरेजवर काढलेल्या रिव्ह्यूमध्ये हे दिसतच नाही.

आता मुख्य मुद्दा, मेमरीचा प्रकार. वर केला तो हिशोब लक्षात ठेवला की जीडीडीआर५, ६, ७ ही भानगड सोपी होते. दोनच गोष्टी, बस किती बिटची आणि एका पिनमागे वेग किती. टाकी कितीही मोठी असू दे, नळ बारीक असेल तर बादली भरायला वेळ लागणारच, जीबी ही टाकी आणि बँडविड्थ हा नळ. जाहिरातीत नेहमी टाकीच सांगतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जुनं आहे. २०१६ च्या सुमाराला जीफोर्स ९४०एमएक्स नावाची चिप बऱ्याच लॅपटॉपमध्ये यायची. तीच चिप, तेच नाव, बस दोन्हीकडे ६४ बिटच, पण काहींमध्ये डीडीआर३ (साध्या रॅमवाली) मेमरी आणि काहींमध्ये जीडीडीआर५. डीडीआर३ वालीला साधारण १६ जीबी प्रति सेकंद आणि जीडीडीआर५ वालीला साधारण ४०. आणि गंमत बघा, डीडीआर३ वाली ४ जीबीची मिळायची आणि जीडीडीआर५ वाली २ जीबीची पण असायची, त्यामुळे बिचारा गिऱ्हाईक मोठा आकडा बघून ४ जीबीवाला उचलायचा आणि तीच चिप हळू चालणारी घेऊन घरी जायचा. दुकानातल्या कार्डावर ‘डीडीआर३’ लिहिलेलं नसायचंच. डेस्कटॉपवर पण पुढे हेच झालं, जीटी १०३० नावाचं कार्ड आधी २०१७ ला जीडीडीआर५ घेऊन आलं ४८ जीबी प्रति सेकंदवालं, आणि नंतर त्याच नावाने डीडीआर४ वालं आलं, १६.८ वालं. नाव बदलायची तसदी कोणी घेतली नाही.

म्हणू नका की हे जुनं झालं. लॅपटॉपमधली जीटीएक्स १६५० घ्या, २०१९ ला जीडीडीआर५ बरोबर आली, १२८ जीबी प्रति सेकंद, पुढच्या वर्षी जीडीडीआर६ वाली आली १९२ ची. दीडपट. स्टिकर दोन्हीवर एकच. सेकंड हँड घेणारे अजून या दोन्ही घेतायत आणि कुठली मिळतेय ते त्यांना माहीत नसतं. आरटीएक्स ३०५० लॅपटॉपची तर वेगळीच तऱ्हा, आधी ४ जीबीची आली १२८ बिट बसवर, मग ६ जीबीची आली पण बस कापून ९६ बिट. म्हणजे टाकी वाढवली आणि नळ बारीक केला. तरी ६ जीबीचीच घ्या असं मी सांगेन, कारण तिच्यात कोअर (हिशोब करणारे भाग) पण वाढवलेत आणि आजकालच्या गेमला ४ जीबी पुरतच नाही. पण हे कळायला रकान्यात नुसतं ‘आरटीएक्स ३०५०’ लिहून चालत नाही ना. आणि आरटीएक्स २०५० तर फक्त ६४ बिटवर आहे, तिला ११२ जीबी प्रति सेकंद मिळतात, नावात आरटीएक्स आहे म्हणून हुरळून जाऊ नये एवढंच.

हे ६, ८, १२, १६ असेच आकडे का येतात हा प्रश्न मला खूप जण विचारतात म्हणून तेही सांगून टाकतो. मेमरीच्या एका चिपला ३२ बिटचा रस्ता लागतो. ९६ बिट म्हणजे तीन चिप, १२८ म्हणजे चार, १९२ म्हणजे सहा, २५६ म्हणजे आठ. जीडीडीआर६ ची एक चिप बहुतेक २ जीबीची असते, मग तीन दुणे सहा, चार दुणे आठ, सहा दुणे बारा, आठ दुणे सोळा. म्हणून एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० सिरीजच्या लॅपटॉपमध्ये ४०५० ला ६, ४०६० आणि ४०७० दोन्हीला ८, ४०८० ला १२ आणि ४०९० ला १६ असं आलं. हो, ४०६० आणि ४०७० लॅपटॉप दोन्ही ८ जीबी, दोन्ही १२८ बिट. ४०७० साठी बरेच जास्त पैसे मोजणाऱ्याला मेमरी एका एमबीने पण जास्त मिळाली नाही, आणि हे त्याला घरी गेल्यावर कळलं तर तो चिडणारच. पुढे जीडीडीआर७ च्या ३ जीबीच्या चिप आल्या तेव्हा ५०९० लॅपटॉपला त्याच आठ चिपमध्ये २४ जीबी बसवता आली, सगळं त्या पाढ्यातलंच.

आता इथे थोडं थांबून दुसऱ्या टोकाच्या लोकांना पण बोलायला हवं, जे ‘१२८ बिट म्हणजे भंगार’ असं सरळ ठोकून देतात. तसं नाहीये. आरटीएक्स ३०६० लॅपटॉपला १९२ बिटची बस होती, ३३६ जीबी प्रति सेकंद. तिच्यानंतर आलेल्या ४०६० लॅपटॉपला १२८ बिट आणि २५६ जीबी प्रति सेकंद. कागदावर पिछेहाट. तरी ४०६० जास्त पळते, कारण ४० सिरीजमध्ये चिपच्या आतला एल२ कॅशे (छोटी पण फार वेगवान मेमरी) कितीतरी पटीने वाढवला, त्यामुळे दर वेळी मेमरीपर्यंत जायची गरजच कमी झाली. तेव्हा बँडविड्थ एकाच पिढीतल्या दोन मॉडेलमध्ये तुलना करायला उत्तम, वेगवेगळ्या पिढ्यांत तिच्यावर डोळे मिटून विसंबायचं नाही. फक्त एक आहे, रिझोल्यूशन वाढवत गेलं की कॅशेत मावेनासं होतं आणि बारीक नळ परत जाणवायला लागतो.

जीडीडीआर७ बद्दल लोकांना सध्या फार उत्सुकता आहे. जेडेक या मेमरीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने त्याचं स्टँडर्ड मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं आणि २०२५ मध्ये ५० सिरीजच्या लॅपटॉपमध्ये ती आली. फरक नुसता वेगाचा नाही. जीडीडीआर६ मध्ये तारेवर दोनच पातळ्या असतात, शून्य आणि एक. जीडीडीआर७ तीन पातळ्या वापरतं आणि दोन टप्प्यांत तीन बिट पाठवतं, त्याला पॅम३ म्हणतात. आणि व्होल्टेज १.३५ वरून १.२ वर आलंय, जे डेस्कटॉपवाल्याला कदाचित क्षुल्लक वाटेल पण लॅपटॉपमध्ये चिप आणि मेमरी एकाच थंडाव्यावर आणि एकाच वॉटच्या कोट्यावर जगतात, मेमरीने वाचवलेला वॉट दुसरीकडे कामाला येतो. याचा पुरावा म्हणून आरटीएक्स ५०५० बघा, डेस्कटॉपच्या ५०५० ला जीडीडीआर६ दिलीय आणि लॅपटॉपच्या ५०५० ला जीडीडीआर७. एरवी लॅपटॉपवाल्यांना नेहमी उरलंसुरलं मिळतं, इथे एकदाचं उलटं झालं. १२८ बिटच्या बसवर एका पिनमागे २४ गिगाबिट धरले तरी ३८४ जीबी प्रति सेकंद होतात, ४०६० च्या दीडपट.

पण, आणि हा पण मोठा आहे, जीडीडीआर७ ने ८ जीबीची ९ जीबी होत नाही. ५०५०, ५०६०, ५०७० लॅपटॉप, तिन्ही आल्या त्या ८ जीबी घेऊनच. मेमरी वेगवान असली तरी भरल्यावर पुढचा माल त्याच पीसीआय एक्स्प्रेसच्या रस्त्याने येणार, तिथे जीडीडीआर किती नंबरची आहे याला काही अर्थ नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, ज्याला लॅपटॉप चार-पाच वर्षं वापरायचाय आणि स्क्रीन २५६० बाय १६०० ची आहे त्याने प्रकार बघायच्या आधी जागा बघावी. जुन्या पिढीची १२ जीबी जीडीडीआर६ आणि नव्या पिढीची ८ जीबी जीडीडीआर७ अशी निवड समोर आली तर मी १२ कडे झुकेन, फुल एचडी स्क्रीनवर खेळणाऱ्याला मात्र ८ जीबी जीडीडीआर७ घे म्हणून सांगेन. ५० सिरीजमध्येच बघायचं तर खरी उडी ५०७० टीआयला आहे, १२ जीबी आणि १९२ बिट. आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा हिशोब), फ्रेम जनरेशन (मधली चित्रं चिपने स्वतः बनवणं) या गोष्टी पण मेमरी खातात हे कोणी सांगत नाही, फ्रेम जनरेशन लावलं की एफपीएस वाढेल असं वाटतं आणि ८ जीबी आधीच तुडुंब असेल तर गेम उलट अडखळायला लागतो. अशा वेळी सगळ्या सेटिंग खाली ओढत बसू नका, फक्त टेक्श्चर (भिंती, कपडे यांच्यावरची चित्रं) क्वालिटी एक पायरी खाली आणा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. टेक्श्चर हे मेमरी मावेपर्यंत जवळजवळ फुकट असतं आणि मावेनासं झालं की एकदम महाग.

जीडीडीआर६एक्स आणि एचबीएम ही मेमरीच्या प्रकारांची दोन नावं पण लोक विचारतात, त्यावर फार वेळ घालवू नये. ६एक्स एनव्हिडियाने ३० आणि ४० सिरीजच्या वरच्या डेस्कटॉप कार्डांना वापरली, लॅपटॉपला साधी जीडीडीआर६ च दिली, ४०९० लॅपटॉपला सुद्धा. म्हणून डेस्कटॉपची ४०९० म्हणजे २४ जीबी, ३८४ बिट, हजार जीबी प्रति सेकंदच्या वर, आणि लॅपटॉपची ४०९० म्हणजे १६ जीबी, २५६ बिट, ५७६. आतली चिप पण डेस्कटॉपच्या ४०८० वाली. नाव तेच, काय बोलणार. एचबीएम लॅपटॉपमध्ये २०१८ च्या आसपास थोड्या मॉडेलमध्ये येऊन गेली, इंटेलच्या एका प्रोसेसरबरोबर रेडिऑन वेगा एम नावाचं ग्राफिक्स होतं त्यात, आता गेमिंग लॅपटॉप घेताना ती तुमच्यासमोर येणार नाही.

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये वेगळी ग्राफिक्स चिपच नाही त्यांची गोष्ट निराळी. तिथे सगळा कारभार साध्या रॅमवर चालतो, आणि म्हणून रॅमची एक पट्टी आहे का दोन हा प्रश्न तिथे जिवाचा असतो. डीडीआर५-५६०० ची एकच १६ जीबीची पट्टी असेल तर ४४.८ जीबी प्रति सेकंद, ८ च्या दोन असतील तर ८९.६. रॅम १६ ची १६ च, ग्राफिक्सला मिळणारा वेग दुप्पट. तक्त्यात हेही कधी नसतं. एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ या प्रोसेसरमध्ये मात्र २५६ बिटची एलपीडीडीआर५एक्स-८००० लावून हाच आकडा २५६ पर्यंत नेलाय, म्हणजे थेट ४०६० लॅपटॉपच्या बरोबरीला, त्यामुळे ‘शेअर्ड म्हणजे टाकाऊ’ हे पण सरसकट म्हणता येत नाही. फक्त ती रॅम सोल्डर केलेली असते, घेतानाच पुरेशी घ्यायची.

आणि वॉट, म्हणजे चिपला किती वीज मिळते. यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, इथे एवढंच की ४०६० लॅपटॉप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कशीही बसवता येते, मेमरी दोन्हीकडे सारखी आणि गेममध्ये फरक जमीन-अस्मानाचा. २०२१ पासून एनव्हिडियाने मॅक्स-क्यू हे कमी वॉटच्या चिपचं नाव मॉडेलला लावणं थांबवलं आणि त्याऐवजी वॉट छापायला सांगितलं, छापलेलं असतं पण कंपनीच्या पानावर पार तळाशी.

तर मागणी अशी. पुढच्या वेळी तो तक्ता छापाल तेव्हा ग्राफिक्सच्या रकान्यात चिपचं नाव, डेडिकेटेड मेमरी किती, तिचा प्रकार, बस किती बिटची आणि वॉट किती एवढं लिहा. उदाहरणार्थ ‘आरटीएक्स ४०६० लॅपटॉप, ८ जीबी जीडीडीआर६, १२८ बिट, ११५ वॉट’, एका ओळीत मावतं, कीबोर्डच्या लाइटचा रकाना काढलात तरी चालेल. कंपनीने प्रकार सांगितला नसेल तर रिकामी जागा न सोडता तिथे ‘कंपनीने सांगितलेलं नाही’ असं छापा. जाहिरात विभागाला हे कितपत रुचेल सांगता येत नाही, पण ‘१२ जीबी ग्राफिक्स’ असं लिहिलेली जाहिरात आली तर त्यातली शेअर्ड किती हे विचारायला काय हरकत आहे.

आणि ज्यांनी लॅपटॉप घेऊन झालाय त्यांच्यासाठी, टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स चिपवर) क्लिक केलं की डेडिकेटेड आणि शेअर्ड वेगवेगळं दिसतं, पण मेमरीचा प्रकार तिथे दिसत नाही. त्यासाठी जीपीयू-झेड नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मेमरी टाइप, बस विड्थ आणि बँडविड्थ अशा तिन्ही ओळी शेजारी शेजारी असतात. दुकानात डेमो पीस चालू असेल आणि विकणारा नाही म्हणाला नाही तर तिथेच बघून घ्या, पैसे द्यायच्या आधी.

आपला,
एक नियमित वाचक